जळगाव-धुळे प्रवासासाठी लेदर जॅकेट घ्यावे की टेक्स्टाइल?

आठवड्यातून दोनदा जळगावहून धुळ्याला मोटारसायकलने जाणाऱ्याने लेदर जॅकेट घ्यावे की टेक्स्टाइल, असे आपण विचारले आहे. टेक्स्टाइल घ्यावे, आणि तेही मेश, म्हणजे वारा आत येऊ देणाऱ्या जाळीदार कापडाचे. हेच उत्तर मी चार वर्षांपासून थोरल्या मेहुण्यांना देत आलो आहे आणि त्यांना ते आजही मान्य नाही.

त्यांच्या मते टेक्स्टाइल जॅकेट म्हणजे महागडा रेनकोट. त्यांच्या आग्रहाखातर मी सव्वा मिलिमीटर जाड चामड्याचे जॅकेट घेतले. डिसेंबरात पहाटे निघताना त्याच्यासारखे सुख नव्हते, हे कबूल करतो. पुढे मे महिना आला. पारा ४४ अंशांच्या घरात होता. पाळधी मागे पडेपर्यंत बनियन चिंब झाले आणि एरंडोलला रसवंतीवर थांबलो तेव्हा डोके गरगरत असल्याने जॅकेट काढून मागच्या सीटवर बांधले. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू होते, तिथे सांडलेल्या खडीवरून पुढचे चाक सटकले. वेग जेमतेम ४० असेल, तरी उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला, आणि जॅकेटवर मात्र ओरखडाही नव्हता. भेटायला आलेले मेहुणे म्हणाले, "अंगात असते तर वाचला असतास." बोलणे खरेच होते, पण ते अंगात का नव्हते, हा प्रश्न त्यांना अजून पडलेला नाही.

घसरताना चांगले चामडे स्वस्त पॉलिस्टरपेक्षा पुष्कळ जास्त टिकते आणि कृत्रिम धागा घर्षणाने वितळतोही, याबाबत माझे दुमत नाही. परंतु आपला उन्हाळा कोरडा असल्याने मेशच्या आत ओला टी-शर्ट घातला, की माठातले पाणी जसे गार होते तसे अंग काही काळ गार राहते. चामड्यातून वाराच जात नसल्याने घाम आत साचतो. शिवाय पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्याला बुरशी लागते, ती निराळीच.

घेताना आतले लेबल वाचावे. त्यावर ईएन १७०९२ हे मोटारसायकलस्वारांच्या कपड्यांचे युरोपीय मानक आणि किमान ए श्रेणी असावी. एए मिळाल्यास उत्तम. कोपर व खांद्याचे पॅड ईएन १६२१-१ या आघात झेलणाऱ्या पॅडच्या मानकाच्या दुसऱ्या श्रेणीचे असावेत, कारण ५० ज्यूल ऊर्जेच्या आघाताच्या चाचणीत पहिल्या श्रेणीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर पलीकडे गेलेला चालतो, तर दुसऱ्या श्रेणीत ही मर्यादा २० आहे. पाठीच्या खिशात बऱ्याचदा नुसता फोमचा तुकडा असतो. तो काढून खरा पॅड घालावा.

अर्थात, हे सगळे साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्यासाठी आहे. आपण महामार्गावर शंभरच्या पुढे जात असाल, तर मेहुण्यांचेच ऐकावे. आणि मेश घेतल्यापासून मी एकदाही पडलेलो नाही, त्यामुळे माझ्या बाजूने काहीच सिद्ध झालेले नाही, असे ते दर दिवाळीला ऐकवतात.