त्रिकोणी डोकं बघून साप ओळखू नका

डोकं त्रिकोणी आणि डोळ्याची बाहुली उभी असली की साप विषारी, हा नियम ट्रेकला चालेल का असं विचारलंय तुम्ही. अजिबात नाही. घोणस, फुरसं, चापडा यांना तो लागू पडतो, पण नाग आणि मण्यार यांचं डोकं मानेपासून फारसं वेगळं दिसत नाही, बाहुली पण गोल, म्हणजे या नियमाने दोघंही बिनविषारी ठरतात! उलट मांजऱ्याचं डोकं त्रिकोणी, बाहुली उभी, माणसाला त्याच्यापासून धोका नाही, तरी फुरसं समजून बिचारा मारला जातो.

त्यापेक्षा महत्त्वाचे चार विषारी साप नीट बघून ठेवा, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, आणि त्यांच्यासारखे दिसणारे पण.

सगळ्यात जास्त गल्लत मण्यार आणि बिनविषारी कवड्यात होते. मण्यार काळी-निळसर चकचकीत, पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, मानेजवळ नसतात किंवा पुसट आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या बहुतेक तपकिरी, पट्टे मानेपासूनच सुरू आणि शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, पण ती फोटो झूम करून बघायची, वाकून नाही. मण्यारवर एवढं लिहितोय कारण ती रात्री चावते, दुखत जवळपास नाही, सूज नाही, माणूस परत झोपतो आणि मग पापण्या जड होऊन श्वास अडकायला लागतो.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे लंबगोल ठिपके, तीन रांगा, आणि फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. अजगराचं पिल्लू किंवा डुरक्या घोणस (नावात घोणस, पण बिनविषारी) असेल तर डाग वेडेवाकडे असतात, डुरक्याची शेपटी पण आखूड. नाग दर वेळी फणा काढतोच असं नाही, त्यामुळे फणा दिसला नाही म्हणून धामण समजू नका, धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात. पाण्याजवळ मान चपटी करणारा बहुतेक बिनविषारी दिवड असतो, डोळ्याखाली दोन तिरक्या काळ्या रेघा बघा.

शंका असेल तर विषारी धरून लांब व्हा. आणि चावलाच तर ओळखत बसू नका, कापणं-आवळणं नको, चावलेला भाग न हलवता थेट हॉस्पिटल, आपल्याकडचं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, या चारही सापांवर एकच असतं. साप मारून सोबत नेऊ नका, मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा चावू शकतं, लांबून फोटो मिळाला तर तेवढा पुरे.