पहिल्यांदाच रोमला जाणाऱ्या जोडप्याने सुरुवातीचे तीन दिवस कसे आखावेत?

तुम्ही दोघं मे महिन्यात पहिल्यांदाच परदेशात निघालाय, रोमला दुपारी उतरताय आणि पुढे पूर्ण तीन दिवस हाताशी आहेत. कुठल्या दिवशी काय बघावं, असं विचारलंय. ठिकाणांच्या आधी घड्याळ बघा. मेमध्ये रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आपल्याकडे सकाळचे साडेसात होतात तेव्हा तिथे पहाटेचे चार. म्हणजे सुरुवातीला चार-पाचलाच टक्क जाग येणार आणि रात्री नऊला डोळे मिटणार. त्याच्याशी भांडू नका. रोम खरं तर बघावं तर पहाटेच.

उतरल्या दिवशी वेळेचं बंधन असलेलं एकही तिकीट काढू नका. विमान उशिरा येतं, पासपोर्ट तपासणीची रांग लांबते आणि पैसे बुडतात. फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ही रेल्वे 32 मिनिटांत शहरातल्या तेर्मिनी या मुख्य स्टेशनला पोचवते, माणशी 14 युरो. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. शहरात मेट्रो-बसला बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण दोघांना दोन वेगळी कार्डं लागतात.

पहिल्या सकाळी साडेपाचला बाहेर पडा आणि त्रेवी कारंजं गाठा. दहानंतर तिथे कठड्यापर्यंत पोचणं मुश्कील, पहाटे मात्र नुसता पाण्याचा आवाज ऐकू येतो. तिथून पँथिऑन, म्हणजे मोठ्या घुमटाचं प्राचीन रोमन मंदिर, चालत दहा मिनिटांवर. ते नऊला उघडतं, तोवर जवळच्या बारमध्ये (इटलीत कॉफीच्या दुकानालाच बार म्हणतात) उभ्याने कॉफी घ्या. बसून घेतली की तीच कॉफी महाग पडते. आत गेल्यावर घुमटाच्या मधोमध सुमारे नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक दिसेल. पाऊस थेट आत पडतो, म्हणून खालची फरशी किंचित फुगीर केलेली आहे आणि तिला पाणी जायला बारीक छिद्रं आहेत. ती शोधून बघाच.

दुसरा दिवस व्हॅटिकनला द्या, पण बुधवार आणि रविवार टाळून. बुधवारी सकाळी सेंट पीटर्स चर्चसमोरच्या चौकात पोपच्या भेटीचा कार्यक्रम असतो, आणि व्हॅटिकनचं संग्रहालय महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतं. सात वाजता सेंट पीटर्स बॅसिलिकात, म्हणजे त्या भव्य चर्चमध्ये, जा. प्रवेश फुकट आहे, रांग फक्त सुरक्षा तपासणीची, आणि ती सातला छोटी असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. स्लीव्हलेस असेल तर ओढणी जवळ ठेवा. घुमटावर पूर्ण पायऱ्या 551, लिफ्ट घेतली तरी 320 उरतात. शेवटच्या टप्प्यात भिंत घुमटाबरोबर कलते, तिरकं होऊनच चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर सरळ सोडून द्या. संग्रहालयाचं तिकीट दहाच्या पुढचं काढा, कारण त्याचं दार दुसऱ्या बाजूला आहे. व्हॅटिकनच्या तटाला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालायचं असतं.

तिसऱ्या दिवशी कोलोसियम, म्हणजे प्राचीन रोमचं प्रचंड गोलाकार क्रीडागार. तिकीट नावानिशी असतं आणि दारावर पासपोर्टशी ताडून बघतात. इथे नवविवाहित जोडपी हमखास चुकतात: पासपोर्ट माहेरच्या नावाचा, तिकीट सासरच्या. पासपोर्टवर जे आहे तेच लिहा. विक्री साधारण तीस दिवस आधी अधिकृत संकेतस्थळावर उघडते. सकाळच्या वेळा आधी संपतात. त्याच तिकिटावर शेजारचे फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटिन टेकडी येते. फोरममध्ये सावली फार कमी, म्हणून टोपी आणि रिकामी बाटली न्या. शहरभर पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ अखंड वाहत असतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते, थेट पिता येते.

रस्ते काळ्या चौकोनी दगडांचे, मध्ये फटी. टाच अडकते, बॅगेची चाकं निखळतात, ओल्या दगडावर चप्पल घसरते. रुळलेले बूटच घाला, नवे नकोत.

आणि जेवण. बरीच हॉटेलं रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी देत नाहीत, तुम्हाला भूक सहालाच लागेल. तेव्हा वजनावर कापून मिळणारा पिझ्झा घ्या. शाकाहारी असाल तर लाल सॉसला भुलू नका: आमात्रिचाना या पास्त्याच्या सॉसमध्ये डुकराचं मांस असतं, सुप्ली या तळलेल्या भाताच्या गोळ्यांतही बहुधा खिमा. पेकोरिनो आणि पार्मेजान चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या पदार्थाने) विरजतात. तेही चालत नसेल तर पिझ्झा मारिनारा मागवा. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीज नाहीच.