भरतीच्या क्रमवारीवर किती विसंबायचं

अमेरिकन कॉलेज फुटबॉल नव्याने बघतोयस, तर भरतीच्या यादीतला (कोणत्या कॉलेजाने शाळांमधून सर्वात चांगले खेळाडू आणले, त्या क्रमवारीतला) पहिला क्रमांक पाहून लगेच हुरळून जाऊ नकोस. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा 2022 चा वर्ग, म्हणजे त्या वर्षी भरती झालेली पोरं, देशात अव्वल होता, पंचतारांकित म्हणजे सर्वोच्च मानांकनाच्या पोरांची रांगच! त्या मोसमात संघाने 5 सामने जिंकले, 7 हरले. पुढे त्यातले बरेच जण ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलण्याच्या अधिकृत यादीतून, दुसरीकडे गेले. उलट पुढे व्यावसायिक खेळाडू झालेल्या जॉश ॲलनला शाळा संपताना वरच्या स्तरातलं एकही कॉलेज विचारत नव्हतं. तो ज्युनियर कॉलेजातून (तिकडचं दोन वर्षांचं कॉलेज) वायोमिंग विद्यापीठात गेला आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीग एनएफएलच्या खेळाडू-निवडीत, सातवा निवडला गेला.

तरी तारे निरर्थक नाहीत, हेही मनापासून सांगतो. जॉर्जिया विद्यापीठाने 2021 आणि 2022 च्या मोसमांची राष्ट्रीय विजेतेपदं वर्षानुवर्षं आणलेल्या तगड्या वर्गांच्या जोरावरच मिळवली. एकच वर्ग बघू नकोस, सलग चार बघ. आणि तिसऱ्या वर्षी त्यातले किती टिकलेत, ते आवर्जून मोज.