ओठावर वर्षातून चार-पाच वेळा ‘जर’ (पाणी भरलेल्या पुळ्या) येते, ट्यूब लावूनही आठ दिवस जातात. कायमचा इलाज आहे का? लग्न ठरलंय, तर होणाऱ्या बायकोला सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की दर वेळी खालच्या ओठाच्या एकाच कडेला पाणी भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुबका उठतो, ट्रेकहून किंवा तापातून उठल्यावर हमखास. फोड फुटले की मेडिकलमधून अ‍ॅसायक्लोव्हिरची ट्यूब आणून लावता. आणि घरच्यांच्या मते ही नागीण आहे.

आधी नागिणीचं मिटवू. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे उठते, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी, आणि बहुतेकांना आयुष्यात एकदाच. तिचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, ही भीती निराधार आहे. ती एका बाजूच्या नसेचा माग धरते, त्यामुळे सहसा मध्यरेषाच ओलांडत नाही. तुमचं प्रकरण वेगळं. हा हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू, बहुधा टाइप १. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या साधारण दोन तृतीयांश लोकांच्या अंगात तो असतो. बहुतेकांना लहानपणीच, कुणा मावशी-काकांच्या पापीतून मिळालेला, आणि त्यातल्या पुष्कळांना कधी पुळीही येत नाही. पाल चाटली, झुरळ मुतलं, आंबा-पपई खाऊन उष्णता वाढली, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही.

एकाच जागी का येते? पहिल्या लागणीनंतर विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसेतून वर सरकतो आणि कवटीच्या आत, कानाच्या पुढच्या अंगाला, त्या नसेच्या गाठीत जाऊन निपचित पडतो. ताप, कडक ऊन, जागरण, मासिक पाळी, दाताचं काम, मनावरचा ताण, असं काही झालं की जागा होतो आणि त्याच नसेने खाली उतरतो. ‘कायमचा इलाज’ नाही, त्याचं कारणही हेच. आपल्याकडची औषधं विषाणूच्या नव्या प्रती बनणं थांबवतात. जो झोपलाय तो प्रती बनवतच नाही, म्हणून त्याच्यावर औषध चालत नाही. ‘मुळासकट घालवतो’ असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा.

आता तुमचे आठ दिवस कुठे जातात ते. तुमचं औषध बरोबर आहे, वेळ चुकते. फोड दिसण्याच्या काही तास ते एक दिवस आधी त्या जागी चुणचुण होते, खाजतं, कातडी ताणल्यासारखी किंवा गरम वाटते. विषाणूचं खरं काम तेव्हापासून पहिल्या दीड-दोन दिवसांत उरकतं. फोड फुटून खपली धरली की उरते ती शरीराची डागडुजी, आणि तिच्यात अ‍ॅसायक्लोव्हिरला काही करण्यासारखं नसतं. खपलीवर ट्यूब म्हणजे वरातीमागून घोडं. वेळेवर लावली तरी ५ टक्क्यांच्या क्रीमने साधारण अर्धा ते एक दिवस वाचतो, फार नाही. लावायचीच असेल तर चुणचुण होताच सुरुवात करा: जागेपणी दर चार तासांनी, दिवसातून ५ वेळा, ४ ते ५ दिवस. बोटाने नको, कापसाच्या काडीने लावा, आणि तीच काडी परत ट्यूबच्या तोंडाला टेकवू नका.

माझं मत गोळ्यांच्या बाजूने आहे. व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅमच्या २ गोळ्या चुणचुण जाणवताच, आणि बरोबर १२ तासांनी आणखी २. संपला कोर्स, एका दिवसाचा. रात्री नऊला चुणचुण झाली तर नऊला दोन आणि सकाळी नऊला दोन. ‘उद्या बघू’ म्हटलं की फायदा गेला. अडचण एकच, रात्री नऊला चिठ्ठी कोण देणार? म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे ओठ बरा असताना जा, सगळं सांगा, चिठ्ठी घ्या आणि त्या ४ गोळ्या आणून पाकिटात ठेवा. मुदत तारीख तेवढी बघत जा. किडनीचा त्रास असेल, वय जास्त असेल किंवा गरोदरपण असेल तर डोस डॉक्टरच ठरवतील, कारण हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. त्या दिवशी पाणी भरपूर प्या. ट्रेकवर घामाघूम होऊन, लघवी पिवळीजर्द झालेली असताना, वरून अंगदुखीची गोळी घेऊन हे औषध घेणं किडनीला महागात पडू शकतं.

वर्षातून सहा किंवा जास्त वेळा येत असेल, तर रोज अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० एकदा, असं काही महिने देतात. तुम्ही चार-पाचवर आहात, त्यामुळे मी तिकडे वळण्याआधी ऊन सांभाळून बघेन. एसपीएफ ३० किंवा त्यावरचा लिप बाम, दर दोन तासांनी, पाणी प्यायल्यावर पुन्हा. ओठाला सनस्क्रीन लावणं आपल्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि ट्रेकनंतर येणारी जर बहुतेक उन्हाचीच असते.

काय लावू नये याची यादी मोठी आहे, पण एक गोष्ट सगळ्यांत वाईट: गजकर्णासाठी मिळणारी ती मिश्र मलमं, ज्यांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड असतं. लाली दोन दिवस दबते, विषाणू मात्र मोकाट पसरतो. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. चुना, टूथपेस्ट, लिंबू, तुरटी यांनी फक्त कातडी भाजते. नुसत्या अँटिबायोटिक मलमाने विषाणूला काही होत नाही. मधाच्या रंगाची पिवळी खपली धरून ती पसरू लागली तर मात्र वरून जंतू चढलेत, तेव्हा दाखवा. खपली तडकून रक्त येतं त्यावर व्हॅसलिनचा पातळ थर पुरतो. आजीचं तूपही चालेल, फक्त सगळ्यांच्या वाटीत बोट घालू नका.

डोळ्याबद्दल जरा थांबून सांगतो. फोडाला हात लावून तोच हात डोळ्याला गेला आणि डोळा लाल झाला, टोचू लागला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. हर्पीस बुबुळावर व्रण करतो. घरात पडून असलेले ‘डोळे आल्याचे’ ड्रॉप्स स्टिरॉइडचे निघाले तर व्रण खोल जातो आणि नजर कायमची अधू होऊ शकते. त्वचेची ५ टक्क्यांची क्रीम डोळ्यात घालायची नसते. डोळ्याचं मलम ३ टक्क्यांचं, वेगळं येतं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर जर असेपर्यंत चष्मा. हाच विषाणू बोटाच्या टोकाला गेला की नखुर्ड्यासारखा दिसतो आणि पू समजून चिरा दिला जातो. आत पू नसतोच, जखम तेवढी वाढते. तालमीत जात असाल तर खपली पडेपर्यंत मातीत किंवा मॅटवर उतरू नका, पैलवानांमध्ये तो गालाला गाल घासून मानेवर-चेहऱ्यावर पसरतो.

रक्ततपासणीच्या फंदात पडू नका. हर्पीस आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची एक तपासणी) पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरलेली माणसं पुष्कळ दिसतात. ती तपासणी जुनी-नवी लागण ओळखायला भरवशाची नाही. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडांच्या तपासणीतून ‘कधीतरी लागण झाली’ एवढंच कळतं, ओठावर की जननेंद्रियावर ते नाही. शंका असेल तर ताज्या फोडातल्या पाण्याचा पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी तपासणी, करतात.

आता लग्न. सांगा, आणि साध्या शब्दांत सांगा: ‘मला अधूनमधून ओठावर जर येते, तेव्हा काही दिवस जवळ येणार नाही.’ तिलाही लहानपणापासून येत असण्याची शक्यता भरपूर आहे. चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पडून खाली नवी कातडी येईपर्यंत चुंबन नाही, एकच पेला-चमचा नाही, टॉवेल आणि दाढीचा रेझर वेगळा. फोड नसतानाही विषाणू लाळेत थोडा उतरू शकतो, त्यामुळे शंभर टक्के हमी नाही. पण धोका सर्वांत जास्त फोड असतानाच असतो.

लोक जे विचारत नाहीत तेही लिहितो. ओठावर जर असताना मुखमैथुन केलं तर टाइप १ जोडीदाराच्या जननेंद्रियावर जातो. पुढे तिला तिथे फोड आले तर ‘हे कुठून आणलंस’ हा प्रश्न तिला विचारण्याआधी स्वतःचा ओठ आठवा. असे टाइप १ चे फोड खाली त्या मानाने कमी वेळा उलटतात. याच विषाणूचा दुसरा प्रकार, टाइप २, जास्त उलटतो, आणि त्याची लागण असलेल्याला एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. जननेंद्रियावर फोड किंवा जखम दिसली तर सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा, तिथे हर्पीसच्या जखमेसाठी लाल रंगाचं किट नंबर ५ मोफत मिळतं, त्यात अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० च्या गोळ्या असतात, दिवसातून ३, असं ७ दिवस. निरोधने धोका कमी होतो, पण तो झाकत नाही त्या कातडीतून लागण होऊ शकते.

पुढे कधी घरात बाळ आलं आणि बारशाच्या सुमारास ओठावर जर असेल, तर बाळाची पापी घेऊ नका, मास्क लावा, घेण्याआधी हात साबणाने धुवा. हे पाहुण्यांनाही सांगा, रुसले तर रुसले. पहिल्या सहा आठवड्यांतलं बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, ताप आला किंवा अंगावर फोड दिसला, तर सकाळची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या आणि घरात कुणाला जर आली होती हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.