कारवानी पिल्लू फ्लॅटमध्ये आणू का?

प्रश्न: डॉक्टर, मी घणसोलीला राहतो, मूळ गाव लातूरकडे. मामांची कारवानी जातीची कुत्री व्यायलीय, आजोबांच्या काळी ही कुत्री सशामागे सोडायचे. एक पिल्लू इकडे आणू का? निवडायचं कसं? (एक वाचक)

उत्तर: आणा, पण रोज पळवायची तयारी असेल तरच. आधी एक स्पष्ट सांगतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, गावी गेल्यावर हौस म्हणूनसुद्धा सोडू नका. निवडताना आई बघा, जमलं तर बापपण, अनोळखी माणसाला बघून ती फार बिचकत असेल तर विचार करा. पिल्लू आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका प्लीज.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर पळतो, समोर मांजर दिसली की तुमची हाक त्याला ऐकूच येत नाही, म्हणून पामबीच रोडच्या आसपास पट्टा अजिबात काढायचा नाही, पळवायचं ते चारी बाजूंनी बंद मैदानात आणि पहाटे, आणि हाडं भरेपर्यंत म्हणजे साधारण वर्षभर बाईकमागे वगैरे तर नाहीच. अंगावर चरबी कमी, त्यामुळे टाइल्सवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, जाड गादी द्या. बरगड्या थोड्या दिसणारच, सोसायटीवाले "उपाशी ठेवता का" म्हणतील, लक्ष देऊ नका.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) होतो, रेबीजसोबत ती लसपण घ्याच, गोचीड रोज बघा. नसबंदी करताना भूल द्यायच्या आधी जात सांगा, या बांध्याच्या कुत्र्यांना काही औषधं जड जातात.