सभेत बहुमत झालं म्हणून बिबट्यासाठी पिंजरा लावता येतो का?

प्रश्न : आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडवर आहे. मागची कंपाउंड वॉल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला लागून आहे. गेल्या महिन्यात पहाटे बिबट्याने पार्किंगमधून एका सभासदाचा पाळीव कुत्रा उचलला, सीसीटीव्हीत सगळं दिसतं. त्यानंतर विशेष सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव झाला : वॉलवरच्या तारेत करंट सोडायचा आणि ओळखीच्या माणसाकडून पिंजरा आणून त्यात बकरी बांधायची. मी सेक्रेटरी. मी सही करत नाही म्हटल्यावर 'उद्या एखादं पोर उचललं तर जबाबदार तुम्ही' असं ग्रुपवर लिहिलं गेलं. वनखात्याचे लोक येऊन पाहून गेले, पण पिंजरा लावत नाहीत. सही केली तर मी अडकेन का? आणि नाही केली तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सही करू नका. केली तर नक्की अडकाल. नाही केलीत तर काय, याचं उत्तर जरा लांबचं आहे आणि ते तुमच्या सभेत कुणाच्या डोक्यातही आलेलं दिसत नाही.

बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो. या कायद्याने शिकार म्हणजे नुसती बंदूक नव्हे. सापळा लावणं, आमिष बांधणं, पकडणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. बिबट्या फिरकलाच नाही आणि बकरी सकाळी मजेत चारा खाताना सापडली, तरी गुन्हा घडून गेलेला असतो. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, शिवाय किमान 25,000 रुपये दंड. किमान शिक्षा ठरलेली असल्यामुळे असं प्रकरण खात्याकडे पैसे भरून मिटवता येत नाही.

आता ठरावाचं. सर्वसाधारण सभा सोसायटीत सर्वोच्च असते हे खरं, पण ते लिफ्ट, रंगकाम आणि पार्किंगच्या भानगडींपुरतं. गुन्ह्याला सभेची मंजुरी चालत नाही. याच कायद्याचं कलम 58 काढून वाचा. संस्थेकडून गुन्हा झाला तर कारभार पाहणारे लोक दोषी धरले जातात, आणि ज्यांच्या संमतीने किंवा दुर्लक्षामुळे तो झाला त्यांच्या यादीत 'सचिव' हे पद चक्क नावानिशी आहे. सुटका एवढीच की आपल्याला माहिती नव्हती, किंवा तो टाळण्यासाठी आपण योग्य ती सगळी काळजी घेतली होती, हे दाखवता आलं पाहिजे. माहिती नव्हती असं तुम्ही म्हणूच शकत नाही, सभेला तुम्ही हजर होता. म्हणून काळजी घेतल्याचा कागद तयार करा. अध्यक्षांना आजच लेखी कळवा की हा ठराव बेकायदा आहे आणि मी त्याची अंमलबजावणी करणार नाही. तुमचा विरोध मिनिट्समध्ये नोंदवून घ्या आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. ग्रुपवर टाकलेला 'मी सहमत नाही' कोर्टात सिद्ध करायचा म्हणजे आणखी एक वेगळं दुखणं.

करंटचा विचार तर मला पिंजऱ्यापेक्षा भयंकर वाटतो. शेतकरी वापरतात ते झटका मशीन क्षणभर हलका धक्का देतं. तुमच्या सभासदांच्या मनात मेन लाइनमधून तारेत थेट वीज सोडायची दिसते. त्यात बिबट्या मेला तर वर सांगितलेला गुन्हा आहेच. पण त्या भिंतीला आधी हात कुणाचा लागेल? चेंडू काढायला चढलेल्या पोराचा, नाहीतर पावसात वेल तोडणाऱ्या माळ्याचा. मग भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागेल, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. 'करंट सोडायचा' असा लेखी ठरावच हाती असल्यावर पोलीस याहून गंभीर कलमही लावू शकतात.

वनखातं पिंजरा लावत नाही याचा राग मी समजू शकतो, पण इथे खात्याची बाजू बरोबर आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटली आणि त्यांनी कारणं देऊन लेखी आदेश काढला, तरच वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली पुढची कारवाई होते. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नये. त्यामागे जुन्नरचा अनुभव आहे. तिथे 2001 पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत, ते नंतर सतरावर गेले. मुंबईच्या उद्यानातही बाहेरून आणलेले बिबटे सोडले जात होते, आणि जून 2004 मध्ये उद्यानाच्या आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसं दगावली ते जुन्या ठाणेकरांना आठवत असेल. तुमच्याकडचा बिबट्या आपल्या जागेत वावरतोय. त्याला हलवलं की जागा रिकामी होते आणि तिथे दुसरा येतो, ज्याला ना तुमच्या इमारतीचे जाण्यायेण्याचे रस्ते माहीत, ना वेळा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बिबट्याने काही केलं तर केवळ पिंजरा लावला नाही म्हणून सेक्रेटरीवर गुन्हा होत नाही, तो तुमचा प्राणी नव्हे. पण धोका माहीत असून सोसायटीच्या ताब्यातल्या जागेत साधी काळजीही घेतली नाही, तर नुकसानभरपाईचा दावा उभा राहू शकतो. तुम्ही सोबत मागच्या बाजूचे फोटो पाठवले आहेत. एकात ओल्या कचऱ्याचे डबे वॉलला टेकवून ठेवलेत आणि झाकणं उघडी आहेत. दुसऱ्यात पत्र्याची खोली आहे, तिच्या दारात दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळताहेत आणि संडास तिथून बराच लांब, दिवा नसलेल्या कोपऱ्यात. वॉचमनचं कुटुंब राहतं ना तिथे? सभेत कुत्र्याबद्दल तासभर बोलणं झालं असेल, या खोलीबद्दल कुणी चकार शब्द काढला का? रात्री अंधारात बाहेर जाणारं लहान मूल, सगळ्यात मोठा धोका त्यालाच. आधी त्या कुटुंबाला आत, पोडियमखालच्या खोलीत हलवा. करंटसाठी काढलेली वर्गणी मागच्या दिव्यांवर आणि संडासावर खर्च करा. कचरा पुढे आणा.

भटक्या कुत्र्यांना मागच्या वॉलशी खाणं घालणारे सभासद असतील तर ती जागा बदला. प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023 प्रमाणे जागा आणि वेळ ठरवून देणं हे सोसायटीचंच काम आहे. निर्बीजीकरणासाठी महापालिकेला पत्र द्या. कुत्र्यांना विष घालायची कल्पना कुणी काढली तर तो वेगळा गुन्हा, हेही सांगून टाका.

कुत्र्याच्या मालकांना भरपाई मिळेल अशी आशा दाखवू नका. राज्याची योजना गाय, म्हैस, शेळी-मेंढी अशा पशुधनासाठी आहे. माणूस दगावला तर वारसांना 25 लाख रुपये मिळतात आणि जखमींनाही मदत असते. त्यासाठी वनखात्याला ताबडतोब, उशिरात उशिरा 48 तासांच्या आत कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

आणि कुणा सभासदाने परवान्याच्या बंदुकीची भाषा केलीच, तर त्याला एवढंच सांगा : अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते जखमी झालं किंवा मेलं, तर वन्यजीव कायद्याचं कलम 11(2) संरक्षण देतं. गॅलरीत दबा धरून बसणाऱ्याला देत नाही.

वनखात्याची हेल्पलाइन 1926 आहे, ती गेटवर लावा. बिबट्या आवारात अडकलाच तर मोबाइल घेऊन धावणारी गर्दी आवरणं हे त्या वेळी तुमचं पहिलं काम. पत्राची पोच मिळाली की मला त्याची प्रत पाठवा. अध्यक्षांनी घ्यायला नकार दिला तर तेच पत्र रजिस्टर्ड एडीने पाठवा आणि एक प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना द्या.