सीडी रिपमधला ‘कॉन्फिडन्स १२’: खात्री, ताळा की दुजोरा?

प्रश्न असा आहे: गाण्यांची सीडी संगणकावर उतरवून घेताना ॲक्युरेटरिप या सामायिक डेटाबेसकडून प्रत्येक ट्रॅकपुढे ‘कॉन्फिडन्स १२’ असा शेरा येतो. मराठीत त्याला ‘खात्री’ म्हणावं की ‘ताळा’?

‘ताळा’ इथे चपखल आहे, पण कॉन्फिडन्ससाठी नाही, चेकसमसाठी. ट्रॅक उतरला की प्रोग्रॅम त्यातल्या आकड्यांवरून एक संख्या काढतो, तो ताळा. शाळेतला नवाचा ताळा आठवा: त्याला ३६ आणि ६३ यांत फरकच दिसत नाही, बेरीज दोन्हीकडे ९. ॲक्युरेटरिप मात्र प्रत्येक सॅम्पलला (आवाजाच्या एका क्षणाच्या नोंदलेल्या मापाला) त्याच्या क्रमांकाने गुणून मग बेरीज करतं. ३×१ + ६×२ = १५; आकडे उलटे केले की १२. अदलाबदल लपत नाही.

एवढा खटाटोप का? डेटा सीडीच्या २३५२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात, २०४८ बाइट मजकूर असतो आणि उरलेल्या जागेत चूक पकडण्याचीही सोय असते. ऑडिओ सीडीत ते सगळे २३५२ बाइट आवाजाचेच. ओरखडा खोल असला तर ड्राइव्ह आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाजाने भर घालतो आणि बरेचदा त्याचा पत्ताही लागू देत नाही. ताडून पाहायला मूळ प्रत हाताशी नाही, मग इतरांनी त्याच सीडीवरून काढून डेटाबेसला पाठवलेले ताळे समोर घ्यायचे. या ताडून पाहण्याला आपल्याकडे हिशेबातला जुना शब्द आहे, रुजुवात. ‘पडताळणी’ही चालेल, मला रुजुवात आवडतो, कारण त्यात दोन बाजू समोरासमोर येतात.

रुजुवातीआधी ड्राइव्हचा ऑफसेट दुरुस्त करावा लागतो. कुठला ड्राइव्ह ६ सॅम्पल सरकून वाचतो, कुठला ६६७. ६६७ सॅम्पल म्हणजे सेकंदाचा जेमतेम ६६वा भाग, कानाला कळायचाही नाही, पण ताळा पार बदलतो.

आता कॉन्फिडन्स. १२ म्हणजे हाच ताळा आलेल्या १२ नोंदी. म्हणून माझं मत ‘दुजोरे’: ‘या ट्रॅकला १२ दुजोरे’. ‘खात्री’ म्हटलं की १२पेक्षा २०० म्हणजे कितीतरी जास्त अचूक असं वाटतं. तसं नसतं, वेगवेगळ्या घरच्या, वेगवेगळे ओरखडे पडलेल्या दोन-तीन सीड्यांनी तंतोतंत एकच चूक करणं जवळपास अशक्य. उलट कारखान्यातल्या साच्यातच खोट असेल तर सगळे मिळून त्या खोटीलाच दुजोरा देतील! आणि ‘कॉन्फिडन्स १’ असेल तर जरा थांबा, तो दुजोरा तुम्हीच मागे पाठवलेला असू शकतो. (‘आत्मविश्वास’ हे भाषांतरही पाहिलंय. सोडून द्या.)

डेटाबेसमध्ये नसलेल्या सीडीला ‘चूक’ म्हणू नये, ‘दुजोरा नाही’ म्हणावं. नोंदी आहेत पण ताळा जमत नाही, तिथे ‘जुळत नाही’ लिहा. तेव्हाही तुमची सीडी वेगळ्या छपाईची असण्याची शक्यता उरतेच.